पाच इंचांच्या पडद्यामागचा माणूस

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ‘ऑस्बोर्न परिणाम’ नावाची एक संज्ञा शिकवली जाते. नवा माल तयार होण्याआधीच त्याची द्वाही फिरवली, तर गिऱ्हाईक जुन्याकडे पाठ फिरवते आणि नवा येईपर्यंत दुकान बंद पडायची वेळ येते, असा तिचा साधा अर्थ. शास्त्रज्ञांची नावे त्यांनी शोधलेल्या नियमांना लाभतात. अ‍ॅडम ऑस्बोर्नच्या वाट्याला मात्र एका चुकीचे नाव आले. वास्तविक, हाताने उचलून नेता येईल असा संगणक सर्वसामान्य व्यावसायिकाला परवडेल अशा किमतीत विकून दाखवणारा पहिला माणूस तोच. आज लॅपटॉप घ्यायला निघालेला प्रत्येक जण दुकानात ज्या प्रश्नाशी अडतो, हलका घ्यावा की मोठ्या पडद्याचा, तो प्रश्न बाजारात प्रथम उभा राहिला तोही ऑस्बोर्नच्याच यंत्रामुळे. त्याने त्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते वर्षभर बरोबर ठरले आणि नंतर त्याच्या अंगावर आले.

अ‍ॅडम ऑस्बोर्नचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न इंग्रज, आई पोलिश. आर्थर बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात इंग्रजी शिकवत असे. पण त्याचा ओढा अध्यात्माकडे होता. दुसऱ्या महायुद्धाचे ढग पूर्वेकडे सरकू लागले, तेव्हा १९४१ साली त्याचे कुटुंब तामिळनाडूतील तिरुवण्णामलई येथे, रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात राहिले. आर्थर स्वतः नोकरीवर परतला आणि जपान्यांच्या छावणीत अडकला. युद्ध संपेपर्यंतची वर्षे त्याने तेथे काढली. तोवर अ‍ॅडम आणि त्याच्या दोन बहिणी अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी वाढत होत्या. अ‍ॅडमला तमीळ भाषा तिथल्या मुलांसारखीच येऊ लागली आणि ती त्याला अखेरपर्यंत येत होती.

पुढे आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचा चरित्रकार म्हणून जगभर ओळखला गेला. १९६४ मध्ये त्याने आश्रमाचे ‘द माउंटन पाथ’ हे नियतकालिक सुरू केले. मराठी वाचकाला कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे शिर्डीच्या साईबाबांची इंग्रजीत ओळख करून देणारे ‘द इन्क्रेडिबल साईबाबा’ हे पुस्तकही त्याचेच. संगणकाच्या इतिहासातील एका धडाडीच्या, काहीशा उर्मट म्हणता येईल अशा व्यापाऱ्याचे बालपण अशा घरात गेले, हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते. पण लिहिणे, छापणे आणि अवघड विषय सोप्या भाषेत सांगणे हा त्या घराचा वारसा होता, आणि तो मुलाने वेगळ्याच क्षेत्रात चालवला.

कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत काही वर्षे काढून अकराव्या वर्षी अ‍ॅडम इंग्लंडला गेला. १९६१ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाची रसायन अभियांत्रिकीची पदवी त्याने मिळवली आणि नंतर तो अमेरिकेत गेला. डेलावेअर विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करताना तो संगणकाची आज्ञावली लिहायला शिकला. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत नोकरी लागली, पण मोठ्या कंपनीची दप्तरदिरंगाई त्याच्या स्वभावाला मानवणारी नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस ती नोकरी सुटली आणि तो संगणक कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहून देऊ लागला.

ती वेळ मोठी अचूक होती. संगणकाचा सगळा मेंदू एका नखाएवढ्या चिपवर मावू लागला होता. ती चिप हौशी मंडळींच्या हातात पडत होती. पण ती चालते कशी, हे समजेल अशा भाषेत सांगणारे पुस्तक नव्हते. ऑस्बोर्नने ते लिहिले. प्रकाशक मिळेना, म्हणून १९७५ साली स्वतःच छापले. त्या काळी घरबसल्या जोडायचे संगणक विकणाऱ्या इम्साई कंपनीने प्रत्येक यंत्राबरोबर या पुस्तकाची एक प्रत द्यायची ठरवली आणि ऑस्बोर्नचे प्रकाशनगृह उभे राहिले. सिलिकॉन व्हॅलीतल्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या सभांना तो खोक्यात पुस्तके घालून जाई आणि तेथेच विकत बसे. स्टीव्ह वॉझनिॲकने आपले पहिले यंत्र ज्या मंडळींना दाखवले, तीच ही मंडळी. ऑस्बोर्न नियतकालिकांत सदरही लिहीत असे. उंच, मिशीवाला, ठसठशीत ब्रिटिश उच्चारात बोलणारा हा गृहस्थ चिप आणि संगणक बनवणाऱ्यांची खोटी आश्वासने वेशीवर टांगी. त्यामुळे वाचकांत लोकप्रिय आणि उत्पादकांत अप्रिय होता. १९७९ साली त्याने प्रकाशनसंस्था मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशकाला विकली. हाती पैसा आला, आणि इतकी वर्षे दुसऱ्यांना उपदेश केल्यानंतर स्वतः यंत्र बनवून दाखवण्याची खुमखुमीही.

यंत्र कोणते बनवायचे, याचे उत्तर त्याने अभियंत्यासारखे न शोधता प्रकाशकासारखे शोधले. त्या वेळी संगणक घेणे म्हणजे मोठा व्याप होता. संगणकाचा डबा एकाकडून, पडदा दुसऱ्याकडून, फ्लॉपीची यंत्रणा तिसऱ्याकडून आणि लिहिण्याचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर चौथ्याकडून घ्यायचे, आणि हे सगळे एकमेकांशी जुळावे म्हणून देवाची प्रार्थना करायची. ऑस्बोर्नला सारे एका पेटीत, एका किमतीत हवे होते. पुस्तक जसे घरी आणले की लगेच वाचायला घेता येते, तसे. आणि ती पेटी मूठ धरून उचलता यावी, विमानात आसनाखाली सरकवता यावी, अशी त्याची अट होती. १९८० साली तो होमब्रू क्लबच्या सभांचा सूत्रधार आणि कुशल अभियंता ली फेल्सेन्स्टाईन याच्याकडे हा प्रस्ताव घेऊन गेला.

उचलून नेण्याचा संगणक ही कल्पना तेव्हा नवीन नव्हती. आयबीएमने १९७५ साली ‘५१००’ नावाचे असे यंत्र काढले होते. वजन सुमारे २५ किलो, आणि किंमत जवळजवळ ९,००० डॉलरपासून पुढे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘नोटटेकर’ या नावाचा नमुना तयार झाला होता; तो बाजारात कधी आलाच नाही. या दोघांच्या उदाहरणांवरून एवढे कळत होते की, पेटीतल्या संगणकात सर्वांत त्रासदायक अवयव पडद्याचा असतो. आजचा चपटा पडदा तेव्हा मुबलक नव्हता. दूरचित्रवाणी संचात असते तशी काचेची चित्रनलिका वापरावी लागे, आणि चित्रनलिका जितकी मोठी तितकी ती मागच्या बाजूने लांब, जड आणि फुटण्याची भीती अधिक. आयबीएमने पाच इंची नलिका वापरली होती. फेल्सेन्स्टाईननेही पाच इंचच पत्करले. मधोमध चिमुकला पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपीचे एकेक तोंड, अशी त्याने मांडणी केली. झाकण काढले की तेच कळफलक होई. बंद केलेली पेटी शिलाई यंत्राच्या पेटीसारखी दिसे.

पाच इंच म्हणजे किती, याची कल्पना आज करणे कठीण नाही. खिशातल्या अनेक मोबाइल फोनांचा पडदा याहून मोठा असतो. पडद्याचे माप कर्णावर घेतात, म्हणजे हा पडदा साधारण चार इंच रुंद आणि तीन इंच उंच. आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डापेक्षाही लहान. फोनचा पडदा हातात धरून डोळ्यांजवळ आणता येतो. हा मात्र टेबलावर, हातभर अंतरावर असे. एवढ्या जागेत नेहमीची ८० अक्षरांची ओळ बसवली, तर ती वाचण्यासाठी भिंगच लागले असते. म्हणून फेल्सेन्स्टाईनने एक तोड काढली. संगणकाच्या स्मृतीत ओळ १२८ अक्षरांची ठेवायची आणि पडद्यावर तिच्यातली फक्त ५२ दाखवायची. बाकीची पाहायची असतील, तर बोटाने कळ दाबून पडदा त्या मोठ्या कागदावरून इकडेतिकडे सरकवायचा. घराच्या खिडकीतून मिरवणूक पाहताना मान वळवावी लागते, तसा हा प्रकार होता.

ऐंशी अक्षरांची ओळ ही कोणाची लहर नव्हती. आयबीएमच्या पंचकार्डांवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून ८० रकाने होते आणि संगणकाच्या टर्मिनलांनी तीच रुंदी उचलली. शिवाय टंकलेखन यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे उमटत. समास सोडून कार्यालयीन पत्राची ओळ ६५ अक्षरांच्या आसपास भरे. ८० अक्षरांच्या पडद्यावर ती ऐसपैस मावे. ५२ अक्षरांच्या पडद्यावर मात्र प्रत्येक ओळीची शेवटची तेरा अक्षरे चौकटीबाहेर जात. लिहिणारा उजवीकडे पोहोचला की मजकूर सरके, नवी ओळ सुरू झाली की तो परत येई. हिशेबनिसाची अडचण याहून मोठी. नऊ अक्षरांचा एक रकाना धरला, तर ८० अक्षरांत आठ रकाने दिसतात आणि ५२ मध्ये पाच. वर्षाचे बारा महिने आडवे मांडून बेरीज पाहणाऱ्या माणसाला डिसेंबर पाहताना जानेवारी दिसत नसे.

ऑस्बोर्नला हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. त्याचे म्हणणे असे, की ग्राहकाला सर्वोत्कृष्ट वस्तू लागत नाही, काम भागेल इतकी चांगली वस्तू लागते. आणि काम भागत असेल तर बाकीचे सगळे किमतीवर ठरते. संगणकाच्या प्रत्येक भागाला त्याने हाच निकष लावला. प्रक्रियक सर्वांत वेगवान नव्हता, फ्लॉपीत प्रत्येकी ९१ किलोबाइट एवढाच मजकूर मावे. पण स्मृती पूर्ण ६४ किलोबाइटची होती, आणि बरोबर ‘वर्डस्टार’ हे लेखनाचे, ‘सुपरकॅल्क’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, बेसिक भाषेच्या दोन आवृत्त्या, शिवाय सीपी/एम ही कार्यप्रणाली मिळत होती. ही सॉफ्टवेअर सुटी घेतली, तर जवळजवळ १,५०० डॉलर पडत. ऑस्बोर्नने सॉफ्टवेअर कंपन्यांशी घासाघीस करून, कोणाला कंपनीचे भाग देऊन, ती नाममात्र दरात मिळवली. सगळ्याची मिळून किंमत त्याने ठेवली १,७९५ डॉलर.

एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या जत्रेत ‘ऑस्बोर्न १’ लोकांसमोर आला. गर्दी लोटली. जाणकारांनी चिमुकल्या पडद्याकडे पाहून नाके मुरडली, पण किंमत ऐकून तीच माणसे दुसऱ्यांदा पाहायला आली. यंत्राचे वजन अकरा किलो होते. त्यात बॅटरी नव्हती. जिथे जाल तिथे भिंतीतले वीजबटण शोधावे लागे. त्याला सुवाह्य म्हणणे ही थोडी अतिशयोक्तीच होती, आणि थट्टेखोरांनी ती वेळोवेळी दाखवलीही. तरीही लेखापाल, वकील, लेखक, विक्रीप्रतिनिधी अशा हजारो लोकांच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचे कार्यालय उचलून नेण्याची सोय आली. सप्टेंबरपर्यंत महिन्याची विक्री दहा लाख डॉलरवर गेली. १९८१ सालची उलाढाल ६० लाख डॉलरच्या घरात होती, ती १९८२ मध्ये सात कोटींच्या आसपास पोहोचली. भर मोसमात महिन्याला दहा हजार यंत्रे जात होती. हेवर्ड येथील कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि ऑस्बोर्न स्वतःची तुलना हेन्री फोर्डशी झालेली आनंदाने ऐकून घेऊ लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पहिल्या वर्षी ऑस्बोर्नच्या यंत्राची तुलना त्याच्यासारख्या दुसऱ्या यंत्राशी होत नव्हती, कारण तसे यंत्रच नव्हते. तुलना होत होती ती टेबलावरच्या दुप्पट-तिप्पट महाग संगणकाशी. त्या तुलनेत लहान पडदा हा स्वस्ताईचा आणि सोयीचा मोबदला वाटे, आणि लोक तो आनंदाने देत होते.

मग १९८२ साली सॅन दिएगोजवळच्या सोलाना बीच येथून एक नवे यंत्र आले. अँड्र्यू के हा तिथला एक जुना, बुजुर्ग अभियंता. अंकांत आकडा दाखवणारा व्होल्टमीटर त्याने पन्नासच्या दशकात तयार केला होता आणि त्याची मापनयंत्रे बनवणारी कंपनी वर्षानुवर्षे चालत होती. त्याने ‘केप्रो २’ नावाची पत्र्याची पेटी बनवली. दिसायला ती एखाद्या प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखी ओबडधोबड. प्रक्रियक ऑस्बोर्नसारखाच, कार्यप्रणाली तीच, सॉफ्टवेअरही बरोबर, आणि किंमत एका डॉलरचाही फरक न करता १,७९५. फरक होता तो पडद्यात. केप्रोचा पडदा नऊ इंची होता आणि त्यावर पूर्ण ८० अक्षरांची ओळ दिसे.

पाच आणि नऊ हे आकडे ऐकताना फरक चार इंचांचा वाटतो. पण पडद्याचा कर्ण वाढतो तेव्हा क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. पाच इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे बारा चौरस इंच, नऊ इंचीचे एकोणचाळीस. म्हणजे सव्वातीन पट. आणि एवढ्या मोठ्या पडद्यासाठी केप्रोच्या मालकाला जास्तीचे ओझे किती उचलावे लागे? एखाद-दोन किलो. अकरा किलो उचलणारा माणूस बारा-तेरा किलोही उचलतो.

ऑस्बोर्नची खरी चूक शोधायची तर ती या हिशेबात आहे. लहान पडद्यापायी वापरणाऱ्याला काही सोसावे लागते. त्याच्या बदल्यात हातावरचे ओझे खरोखर उतरत असेल तरच तो ते सोसतो. याचा पुरावा त्याच सुमारास बाजारात आला. १९८३ साली टँडी कंपनीने ‘मॉडेल १००’ नावाचे वहीच्या आकाराचे यंत्र काढले. त्याच्या पडद्यावर चाळीस अक्षरांच्या केवळ आठ ओळी दिसत, म्हणजे ऑस्बोर्नपेक्षाही कितीतरी कमी. पण त्याचे वजन दीड किलोच्या आत होते आणि ते साध्या पेन्सिल सेलवर चाले. अमेरिकेतील बातमीदारांनी ते डोक्यावर घेतले. क्रीडांगणावरून, न्यायालयाच्या पायऱ्यांवरून ते त्यावर बातम्या लिहीत आणि दूरध्वनीवरून धाडत. आठ ओळींबद्दल फारशी कुरकुर कोणी केली नाही. ऑस्बोर्नने मात्र ग्राहकाला दोन्ही गोष्टी सोसायला सांगितल्या: ओझे जवळपास मोठ्या पडद्याच्या यंत्राइतके, आणि पडदा पोस्टकार्डाहून लहान. प्रतिस्पर्धी नव्हता, तोवर ते चालले.

कंपनीला हे कळले नाही असे नाही. ८० अक्षरे दाखवणारी जोडणी तिने पुरवली, पण तिचा खरा उपयोग घरी वेगळा मोठा पडदा जोडला तरच होई, आणि मग पेटी उचलून नेण्याचा अर्थ काय उरला? शेवटी ‘एक्झिक्युटिव्ह’ या नव्या यंत्राची आखणी झाली. त्याचा पडदा सात इंची, पिवळसर अक्षरांचा, ८० अक्षरांची ओळ दाखवणारा. डोळ्यांना सुखद होता, यात शंका नाही. पण क्षेत्रफळात तो केप्रोच्या पडद्याच्या जेमतेम साठ टक्के, आणि किंमत २,४९५ डॉलर, म्हणजे केप्रोहून सातशेने अधिक. काम भागेल इतकेच द्यावे, पण स्वस्तात द्यावे, हा ज्याचा मंत्र, त्याने ऐन परीक्षेत प्रतिस्पर्ध्याहून लहान पडदा अधिक दाम घेऊन देऊ केला.

‘ऑस्बोर्न परिणामा’ची सर्वश्रुत गोष्ट इथून सुरू होते. १९८३च्या पूर्वार्धात एक्झिक्युटिव्हची वार्ता माल पोहोचण्याआधीच विक्रेत्यांपर्यंत गेली आणि त्यांनी जुन्या यंत्राच्या मागण्या रद्द केल्या. गोदामे भरली, तिजोरी रिकामी झाली. जुन्या यंत्राची किंमत जुलैत १,२९५ आणि ऑगस्टमध्ये ९९५ डॉलरवर आणावी लागली, तरी गिऱ्हाईक परतले नाही. भांडवलबाजारात उतरण्याचा बेत आधीच बारगळला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये, पहिल्या यंत्राच्या पदार्पणानंतर अडीच वर्षांच्या आत, ऑस्बोर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ही कथा सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकली. पण अकाली जाहिरात हे एकच कारण मानणे अन्यायाचे होईल. एक हकीकत नंतर अशीही छापून आली, की कंपनीतल्या एका वरिष्ठाला जुन्या यंत्राचे दीड लाख डॉलरचे मुख्य फलक शिल्लक सापडले. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांना पडदे, फ्लॉपीयंत्रे आणि पेट्या जोडण्यात वीस लाख डॉलर खर्ची पडले, आणि ते ऐन टंचाईत. शिवाय आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्येच आला होता, आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारे, नऊ इंची पडद्याचे कॉम्पॅकचे उचलनीय यंत्र १९८३च्या वसंतात दुकानांत पोहोचले. किंमत जवळजवळ ३,००० डॉलर, वजन पावणेतेरा किलो. तरी लोकांनी रांगा लावल्या, कारण ते कार्यालयातल्या यंत्राचे सगळे सॉफ्टवेअर चालवी. मोठा पडदाच सर्व काही असता, तर केप्रो चिरंजीव झाले असते. तेही आयबीएमच्या वाटेला वेळेवर वळले नाही आणि १९९२ पर्यंत बंद पडले. मात्र विक्रेत्यांनी मागण्या रद्द केल्या त्या केवळ नव्याची वाट पाहण्यासाठी नव्हेत. शेजारच्या मांडणीवर त्याच किमतीत सव्वातीन पट मोठा पडदा उभा होता, आणि ग्राहक दोन्ही यंत्रे एकामागोमाग एक पाहत होता. ऑस्बोर्न गप्प बसला असता, तरी ते पाहणे थांबले नसते.

तो खचला नाही. पत्रकार जॉन ड्वोराक याच्यासमवेत त्याने आपल्या कंपनीच्या उत्थान-पतनाची कहाणी लिहिली आणि ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्याने पेपरबॅक सॉफ्टवेअर ही नवी कंपनी काढली. नावातच धोरण होते: सॉफ्टवेअर हे कागदी बांधणीच्या पुस्तकासारखे स्वस्त विकायचे. लोटस कंपनीचे हिशेबाचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर ‘१-२-३’ हे ४९५ डॉलरला मिळे. ऑस्बोर्नचे ‘व्हीपी-प्लॅनर’ तसेच चाले आणि ९९ डॉलरला मिळे. १९८७ साली लोटसने दावा लावला. पडद्यावर दिसणारी आज्ञांची यादी, तिचा क्रम आणि रचना ही आपली मालमत्ता असून तिची नक्कल झाली आहे, असा त्यांचा आरोप. पडदा पुन्हा एकदा त्याच्या वाटेत आला, असे म्हणायला हरकत नाही. दाव्याच्या सावटाखाली गुंतवणूकदार आणि ग्राहक दोघेही दूर झाले, आणि जून १९९० मध्ये बोस्टनच्या न्यायालयाने लोटसच्या बाजूने कौल दिला. ऑस्बोर्न कंपनीतून बाहेर पडला. पाच वर्षांनी, बोर्लंड कंपनीविरुद्धच्या तशाच दाव्यात, वरिष्ठ न्यायालयाने आज्ञांच्या यादीवर असा स्वामित्वहक्क सांगता येत नाही असे ठरवले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडून तोच निर्णय कायम राहिला. ऑस्बोर्नला त्याचा काही उपयोग नव्हता.

दरम्यान त्याच्या पहिल्या यंत्राने उभा केलेला प्रश्न मिटला नव्हता; चपटे पडदे आले आणि त्याचे गणित बदलले, इतकेच. चित्रनलिकेच्या काळात मोठ्या पडद्याबरोबर खोली आणि काच वाढे. चपट्या पडद्याबरोबर वाढते ती मुख्यतः लांबी-रुंदी. तरीही उत्पादक पुनःपुन्हा लहान पडद्यापासून सुरुवात करत आले आहेत. आसुसचा ‘ई पीसी’ २००७ साली सात इंची पडदा घेऊन आला. वजन किलोच्या आत, किंमत माफक. वर्षभरातच त्याच कंपनीला नऊ आणि दहा इंचांच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ऑस्बोर्नच्या पाच-सात-नऊ या वाटेची आठवण व्हावी, असाच हा प्रवास. ॲपलने २००८ मध्ये तेरा इंची ‘मॅकबुक एअर’ काढला, २०१० मध्ये अकरा इंची आणला, २०१६ मध्ये तो बंद केला, आणि २०२३ मध्ये पंधरा इंची एअर आणला, तोही दीड किलोचा. एलजीने २०१९ साली सतरा इंची पडद्याचा लॅपटॉप १,३४० ग्रॅममध्ये बसवला. ‘ऑस्बोर्न १’च्या वजनात तसे आठ मावतील. अतिहलक्या यंत्राचा पडदा लहानच असला पाहिजे ही समजूत वजनाच्या सक्तीतून आली होती. ती सक्ती सैल झाल्यावर आता हरकत उरते ती पिशवीच्या मापाची, आणि विमानात पुढच्या प्रवाशाने आसन मागे कलले की उघडता न येणाऱ्या झाकणाची. त्यापुढे मोठा पडदा नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही.

१९९२ साली ऑस्बोर्नने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात नोएटिक्स ही आणखी एक कंपनी काढली. पण तोवर प्रकृतीने साथ सोडली होती. मेंदूच्या विकाराने त्याला ग्रासले, एकामागून एक झटके येत गेले. तो भारतात परतला आणि बहिणीकडे कोडाईकनालला राहू लागला. ज्या गावातल्या शाळेतून तो अकराव्या वर्षी बाहेर पडला होता, तिथेच त्याची शेवटची दहा-अकरा वर्षे गेली. सिलिकॉन व्हॅली तोवर त्याला बरीचशी विसरली होती. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, झोपेतच त्याचे निधन झाले. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत ती बातमी छापून यायला आठवडा लागला.